छपराखालचे वाफे

पहाटे ५

चैत्र लागला की आमच्याकडे गजर लावावा लागत नाही. विंचूर-प्रकाशा रस्ता शेतापासून हाकेच्या अंतरावर. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत साक्री, पिंपळनेर, नंदुरबारकडची माणसं याच रस्त्याने पायी सप्तशृंगगडाला जातात. पुढे झेंडा, मागे टेम्पो, टेम्पोवर स्पीकर. ऊन तापायच्या आत जमेल तेवढं अंतर कापायचं, हा त्यांचा हिशेब. आमचाही तोच. एप्रिलात सटाण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि हवा कोंडली तर पॉलिहाऊसच्या आत त्याहून चार-पाच अंश जास्त.

पॉलिहाऊस वीस गुंठ्यांचं. त्यात लाल-पिवळी ढोबळी मिरची. शेजारी दहा गुंठ्यांचं शेडनेट, त्यातली काकडी संपली म्हणून वेल उपटून टाकले आहेत. बाहेर उन्हाळ कांदा. तो माझे मिस्टर आणि आबा, म्हणजे सासरे, बघतात. छपराखालचं सगळं माझ्याकडे.

काल संध्याकाळी वारा सुटला होता म्हणून पश्चिमेचा पडदा खाली सोडून ठेवला होता. आधी तो हँडल फिरवून वर करायचा. मग दोन दारांच्या मधल्या खोलीत चपला बदलायच्या, चुन्याच्या पावडरीत पाय ठेवायचा आणि आत जायचं. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं.

सकाळी ६

दिवसाचं पहिलं खरं काम मातीला हात लावण्याचं. मल्चिंग पेपरच्या भोकातून चार बोटं खाली उकरते, चिमटीभर नव्हे, मूठभर माती घेते आणि दाबते. लाडू वळला आणि बोटाने ढकलताच फुटला, तर ठीक. फुटलाच नाही तर पाणी जास्त झालंय. वळलाच नाही तर वाफा रात्रभर तहानलेला आहे. मधोमध एकदा आणि कडेला एकदा, असं दोनदा बघते, कारण गादीवाफा कडेने आधी सुकतो.

पॉलिहाऊस बघायला येणारे लोक वर बघतात. पाइप किती एमएमचा? कागद किती मायक्रॉनचा? दोनशे. अनुदान किती? शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या निम्मं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खड्डासुद्धा खणायचा नाही. एवढं विचारून झालं की मंडळी चहा घेऊन निघतात. खाली वाकून कुणी विचारत नाही. मला वाटतं तिथेच चुकतं. कागद तीन-चार वर्षांनी बदलता येतो, पाइप वाकला तर वेल्डर बोलावता येतो. वाफा बिघडला तर पीक उभं असताना त्याला हातही लावता येत नाही.

आमच्याकडे आठ मीटरच्या एका खणात पाच वाफे बसतात. माथ्याला नव्वद सेंटिमीटर रुंद, पायथ्याला मीटरभर, उंची चाळीसच्या वर. दोन वाफ्यांत अर्ध्या मीटरची पायवाट. सगळे दक्षिणोत्तर, म्हणजे एका ओळीची सावली दुसऱ्या ओळीवर दिवसभर पडून राहत नाही. प्रत्येक वाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या, मिरचीच्या दोन ओळी. माणसाचा पाय कायम पायवाटेवर. वाफ्यावर वर्षभर कुणी चढत नाही, त्यामुळे माती दबत नाही आणि मुळांना हवा मिळत राहते.

आमची मूळ जमीन काळी. कांद्याला ती चालते, पण छपराखाली रोज पाणी पडणार म्हटल्यावर तिच्यात मुळं गुदमरतात. म्हणून डोंगराकडची लालसर माती आणली, तीत कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळलं. आमचं बागलाण म्हटलं की लोकांना डाळिंब आणि कांदा आठवतो, पण साल्हेर-मुल्हेरच्या पट्ट्यात भात पिकतो आणि तिकडच्या गिरण्यांवर तूस मिळतं. तुसाने माती मोकळी राहते. मात्र ते कुजतं, वाफा बसत जातो, आणि दर हंगामाला नव्याने भर घालावी लागते.

सासूबाईंना यातलं काही नवं नाही. कांद्याचं रोप टाकायला हाताने गादीवाफे करण्यात त्यांची हयात गेली. मीटरभर रुंद, वीतभर उंच, वर चाळलेलं शेणखत. तळेगाव दाभाड्याच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमधून मी मापं वहीत उतरवून आणली तेव्हा त्यांनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "वाफा तोच गं. उंची तेवढी वाढवलीय."

साडेसहा ते नऊ

तोडणी. आज बाया चारच आल्या. सध्या शिवारभर कांदा काढणी सुरू आहे. एकराचं उक्तं घेतलं की बायकांना रोजापेक्षा बरे पैसे सुटतात आणि काम उरकलं की घरी जाता येतं. छपराखाली सावली दिसते, घाम मात्र बाहेरच्यापेक्षा जास्त येतो. हे त्यांना माहीत आहे, मलाही.

मिरची ओढायची नाही. देठ कात्रीने कापायचा, झाडाकडे जरासा राहील असा. ओढली तर फांदीच मोडते, आणि ढोबळीची फांदी काचेसारखी कडकन जाते. लाल मिरची पूर्ण लाल व्हायची वाट बघायची नाही. पाठीवर हिरवट पट्टा शिल्लक असतानाच तोडली की बाजारात पोचेपर्यंत रंग पुरा होतो. उन्हं वर यायच्या आत कॅरेट सावलीत गेले पाहिजेत. तापलेली मिरची कॅरेटमध्ये भरली तर रात्रीतून सुरकुतते.

"वहिनी, हाई देखा बरं," बायांमधल्या एका मावशींनी तिसऱ्या ओळीतून हाक मारली. "खालथीन सडी ऱ्हायनी."

मिरची हातात घेतली. वरून टवटवीत, तळाशी रुपयाएवढा खोलगट तपकिरी डाग. डागावर बोट फिरवलं तर कातड्यासारखं कोरडं लागतं. कीड नाही, बुरशी नाही. पुस्तकात याला कॅल्शियमची कमतरता म्हणतात आणि दुकानदार लगेच कॅल्शियमची बाटली काढून देतो. पण वाफ्यात कॅल्शियम असतं. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि पाण्याची ओढाताण झाली, म्हणजे दुपारी कोरडं आणि संध्याकाळी एकदम भरपूर, की सगळ्यात आधी फळाचं टोक उपाशी राहतं. हा डाग फक्त दक्षिण टोकाच्या झाडांवर आहे, तिथे वारा आणि ऊन थेट येतं, वाफ्याची कड लवकर सुकते. मावशींना म्हटलं, या ओळीतली डागी वेगळी काढा, आणि दक्षिणेकडची सगळी झाडं खालून बघत या.

डागी मिरची घरच्या भाजीला. आमच्या घरातल्या मुलांना ढोबळीच्या भाजीचा वीट आला आहे, पण सांगून उपयोग नाही.

सकाळी ९

या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची. म्हणजे रात्री विहिरीतून शेततळं भरायचं आणि दिवसा शेततळ्यावरच्या सौर पंपाने ठिबक चालवायचं. पंपाला दाब यायला साडेआठ वाजतात, म्हणून पहिलं पाणी नऊला. दहा-पंधरा मिनिटंच. मग अकराला, मग दोनला, प्रत्येक वेळी थोडं थोडं. उंच वाफ्याचा सगळा फायदा निचऱ्यात आहे आणि त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते. एकदम तासभर पाणी सोडलं तर ते मुळांना ओलांडून खाली जातं, आणि दिवसभर सोडलंच नाही तर उघड्या कडा सुकून जातात.

आज कॅल्शियम नायट्रेटचा वार. त्याच्या टाकीत बाकीचं काही मिसळायचं नाही. फॉस्फरसचं किंवा सल्फेटचं खत त्यात पडलं की पांढरा साका धरतो आणि ठिबकची तोंडं बंद होतात. बारा-एकसष्ट किंवा शून्य-बावन्न-चौतीस द्यायचं तर दुसऱ्या दिवशी. ठिबकमध्ये खत ओढणारी व्हेंच्युरी सुरू केली की शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून थेंब बघते. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत फरक दिसला की फिल्टर धुवायचा.

आबा बांधावरून हे बघतात आणि त्यांना फड आठवतो. मोसम-आरम नद्यांच्या काठाला बंधाऱ्यातून पाट काढून फडाला पाणी द्यायची रीत शेकडो वर्षांची. एका फडात सगळ्यांचं पीक एक, पाटकरी देईल तेव्हा आणि तेवढंच पाणी. "आम्ही पाण्याची वाट बघायचो," ते म्हणतात, "तू मिरचीला घोट घोट पाजतेस."

पाण्यावरून आणखी एक. वाफ्याच्या कडेला कधी कधी मीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसतो. विहिरीचं पाणी जड, वरून खतं विद्राव्य, आणि छप्पर असल्यामुळे पाऊस नाही. उघड्या शेतातले क्षार पाऊस दर वर्षी खाली ढकलतो. इथे आपणच पाऊस अडवला, तेव्हा त्याचं कामही आपल्याच अंगावर पडतं. अधूनमधून एका सकाळी खत बंद ठेवून नुसतं साधं पाणी भरपूर सोडायचं, क्षार मुळांखाली गेले पाहिजेत. निचरा होणारा उंच वाफा असला तर हे जमतं. सपाट काळ्या जमिनीत हेच केलं तर पायवाटेत चिखल होतो आणि मूळकूज मागे लागते.

दहा ते साडेबारा

आता शेडनेट. वरचं नेट जुनं झालं होतं, बदलायचंच होतं, म्हणून सोडवून गुंडाळून ठेवलं आहे. वाफे उघड्यावर. वर्षातून एकदा वाफ्यांना ऊन दाखवायची हीच संधी.

काकडीचं एक मूळ उपटून बघितलं होतं तेव्हाच ठरलं की या वेळी नुसती भर घालून चालणार नाही. निरोगी मूळ दोरीसारखं सरळ असतं. या मुळाला मण्यांच्या माळेसारख्या गाठी. सूत्रकृमी. छपराखालची माती कायम उबदार, कायम ओली, आणि काकडीमागून मिरची, मिरचीमागून टोमॅटो. सूत्रकृमींना याहून चांगलं घर कुठे मिळणार? उघड्या रानात उन्हाळी नांगरट करून माती तापवतात. इथे खांबांमधून ट्रॅक्टर जात नाही.

म्हणून कुदळ आणि पावडं. दोन गडी आहेत, एकजण वाफा फोडतो, दुसरा मुळ्या वेचून गोणीत भरतो. मुळ्या बांधावर टाकायच्या नाहीत, जाळायच्या. वर्षभरात वाफ्याची माती ओघळून पायवाटेत उतरते, ती पावड्याने परत वर चढवायची. पायवाटेची माती पायाखाली तुडवून घट्ट झालेली असते, म्हणून ती आधी फोडून घ्यायची. मग शेणखत, निंबोळी पेंड आणि नवं तूस. तूस टाकताना वारा असला की अर्धं तोंडावर येतं.

त्यानंतर दोरी. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि दोरीबरहुकूम कड कापायची. नवीन गड्याला वाटतं, ही हौस आहे. वाफा वाकडा झाला की ठिबकची नळी कडेला जाते, पाणी पायवाटेत उतरतं, आणि मल्चिंग पेपर एका बाजूला तोकडा पडतो. माथा सपाट नसला तर खड्ड्यात पाणी साचतं आणि उंचवट्यावरचं रोप मरतं. गड्याने फळी फिरवून माथा सारखा केला, मी वाकून डोळ्याच्या पातळीवर बघितलं, मधे अजून बोटभर पोक होतं. परत फळी.

तयार वाफे भिजवले आणि त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ओढलं. काळं नाही, पारदर्शकच, कारण ऊन आरपार जाऊन मातीत उतरलं पाहिजे. माती ओली पाहिजे, कारण कोरड्या मातीत उष्णता खोलवर जात नाही. कडा मातीने गच्च दाबायच्या, एक भोक राहिलं की वाफ तिथून निघून जाते. असं चार ते सहा आठवडे. एप्रिल-मेमधलं आमचं ऊन इतर कुठल्याच कामाचं नाही, निदान या कामाचं आहे. सगळे सूत्रकृमी मरतात असं नाही. वरच्या थरातले पुष्कळ कमी होतात, खोलवरचे उरतात. पुढच्या लागवडीआधी ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवून घालायचाच आहे, आणि कडेने झेंडूही लावायचा विचार आहे.

पाच वाफे झाले, तीन राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गड्यांना सोडलं.

दुपारी साडेबारा ते साडेतीन

या वेळात छपराखाली माणसाने थांबू नये. मिरचीलाही हे ऊन सोसत नाही. पस्तीसच्या वर तापमान गेलं की फुलं गळतात, आणि थेट ऊन पडलेल्या फळावर पांढरट डाग येतो. पाडव्यानंतर छपराच्या कागदावर चुन्याचं पाणी फवारून घेतलंय. पहिल्या पावसात धुऊन जाईल तोपर्यंत ऊन थोडं गाळून येतं. फॉगर एकदोन मिनिटं, मग बंद. सतत चालवले तर थंडावा वाटतो खरा, पण पानं ओली राहिली की करपा ठरलेला.

जेवण, बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात. थोडी झोप. झोप आली नाही तर फोन. स्पेनमधल्या अल्मेरिया भागाचे वरून काढलेले फोटो मी पुष्कळदा बघते. तीस हजार हेक्टरच्या आसपास नुसतं पांढरं प्लास्टिक, समुद्रापर्यंत. तिथली मूळची रीत ऐकून मला गंमत वाटली होती. बाहेरून आणलेली माती, तिच्यावर शेणखताचा थर आणि त्यावर चार-पाच बोटं वाळू. वाळूमुळे ओल टिकते आणि क्षार वर येत नाहीत. एवढं प्लास्टिक अंथरणाऱ्यांनाही आधी खालीच बघावं लागलं. आता जगभर कोकोपीटच्या पिशव्यांत लागवड वाढते आहे, आपल्याकडेही काहीजण करतात. मी अजून त्या वाटेला गेले नाही. पिशवीत चूक झाली की तासाभरात झाड मान टाकतं; वाफ्यात निदान संध्याकाळपर्यंत मुदत मिळते. ज्या शेतात वीज कधी येईल हे वीज कंपनी ठरवते, तिथे ही मुदत फार मोठी.

दुपारी ४

कीड बघायची वेळ. एका ओळीतून पाच झाडं, प्रत्येक झाडाचं एक फूल. पांढरा कागद खाली धरायचा आणि फुलाला टिचकी मारायची. कागदावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे, पळणारे ठिपके पडले की फुलकिडे. पानही सांगतं. वर होडीसारखं वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. गावाकडे दोन्हीला चुरडा-मुरडाच म्हणतात आणि औषधही एकच मारतात, पण कोळ्यावर कीटकनाशक मारून काही होत नाही, त्याला कोळीनाशकच लागतं. मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर असते ती याचसाठीही. खालून परत आलेला उजेड पानाच्या पाठीवर पडतो आणि फुलकिड्यांना ते मानवत नाही. निळे आणि पिवळे चिकट सापळे भरले की बदलायचे.

उरलेल्या वेळात सुतळी. प्रत्येक झाडाच्या ठेवलेल्या फांद्या वरच्या तारेला टांगलेल्या सुतळीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायच्या, मधले फुटवे खुडायचे. सगळ्यांनी एकाच दिशेने गुंडाळलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी हात अडतो. हे काम बोलत बोलत होतं. आज विषय लग्नांचा होता.

साडेपाच

सुरतेची गाडी. कॅरेटमध्ये दहा किलोच्या आसपास माल, खाली-वर कागद, लाल वेगळी, पिवळी वेगळी. मोठी, मधली आणि वाकडी अशी निवड दुपारीच झाली होती. गाडीवाल्याने कॅरेट मोजले, मी मोजले, दोघांचा आकडा जुळेपर्यंत गाडी हलत नाही.

संध्याकाळी ७

साल्हेरच्या बाजूने आभाळ काळवंडलं आणि मातीचा वास आला. अवकाळीचा महिना आहे. २०२३ च्या एप्रिलात बागलाणात गारपीट झाली तेव्हा काढणीला आलेला कांदा जमिनीतच सडला, ते कुणी विसरलेलं नाही. आबा आणि मिस्टर काढून ठेवलेल्या कांद्यावर ताडपत्री ओढायला धावले. मी पॉलिहाऊसकडे.

वाऱ्याच्या तोंडाचा पडदा आधी खाली. वारा आत शिरला आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो छप्पर वर उचलतो. मग कडेकडेने जाऊन पट्टीतली झिगझॅग स्प्रिंग हाताने दाबून बघायची. एके ठिकाणी ती सुटली होती, दोन हातभर कागद फडफडत होता. शिडी लावली, कागद ताणून स्प्रिंग परत बसवली. शेडनेटमधल्या नव्या प्लास्टिकच्या कडांवर अजून माती ओढली. वाफे झाकलेले असल्यामुळे पाऊस आला तरी माती वाहून जाणार नव्हती, पण उरलेले तीन वाफे उघडे होते.

पाऊस देवळ्याकडे सरकला. आमच्याकडे चार थेंब.

रात्री ९

व्यापाऱ्याचा फोन. पिवळीला उठाव नाही, लाल वाढवा, म्हणाला. मिरचीला हे कोण सांगणार? तरी परवाच्या तोडणीत पिवळी दोन दिवस झाडावर थांबवता येते, जास्त नाही. हिशेबाच्या वहीत कॅरेट, मजुरी, निंबोळी पेंड, गाडीभाडं लिहिलं. दक्षिण टोकाच्या झाडांपुढे खूण केली. दुपारचं पाणी पाच मिनिटं वाढवायचं आणि तिथे पडद्याच्या आतून जुन्या नेटची एक पट्टी बांधायची.

थ्री फेज दहाला येते. मिस्टर बॅटरी घेऊन विहिरीवर निघाले.

"अहो, शेततळं भरलं की शेडनेटचा कॉक उघडा," मी म्हटलं. "तिन्ही वाफे भिजले पाहिजेत, सकाळी प्लास्टिक टाकायचंय."

"आणि गडी?"

"एकच येणार म्हणाला. दुसरा गडावर चाललाय. दोरी धरायला आबा येतील."

आबा ओट्यावरून म्हणाले, "दोरी धरीन, पावडं नाही."